जपानी एन गेजची नवी घोषणा: वाचायची कशी, बुकिंग कधी करायचं आणि खोका आल्यावर काय तपासायचं

जपानमध्ये एन गेजचं, म्हणजे ९ मिमी रुंदीच्या रुळावर चालणाऱ्या छोट्या रेल्वेगाडीचं, मॉडेल वर्षभर दुकानात मिळेल अशा भरवशावर राहता येत नाही. कंपनी गाडी जाहीर करते, दुकानं लगोलग बुकिंग घेतात, काही महिन्यांनी एक खेप येते आणि गाडी लाडकी असेल तर ती खेप बुकिंगवाल्यांतच संपते. पुढची खेप येईलच असं नाही. आली तरी काही वर्षांनी. म्हणून घ्यायचं की नाही हे माल बाजारात आल्यावर नव्हे, घोषणा वाचतानाच ठरवावं लागतं.

आधी मापाचं उरकून घेऊ. जपानी एन गेजचा रूळ ९ मिमीचा. शिंकानसेनचा (बुलेट ट्रेनचा) खरा रूळ १४३५ मिमीचा असल्याने ती मॉडेलं १/१६० मापात येतात आणि रुळाशी बरोबर जुळतात. जेआरच्या (जुन्या राष्ट्रीय रेल्वेतून निघालेल्या कंपन्यांच्या) बाकीच्या गाड्या आणि बऱ्याच खासगी रेल्वे १०६७ मिमीच्या रुळावर धावतात. त्यांचे डबे १/१५० मापात करतात. त्यामुळे रूळ डब्याच्या मानाने जरा रुंद दिसतो, पण सगळ्या कंपन्यांच्या गाड्या एकाच मांडणीवर चालतात. जपानी एचओचा (एनपेक्षा मोठ्या मापाचा) बहुतेक माल १६.५ मिमी रुळावरचा, पण १/८० मापाचा असतो. युरोपीय १/८७ च्या डब्यांशेजारी तो ठेवला की फरक डोळ्यांत खुपतो. पुढचं सगळं एन गेजबद्दल आहे.

घोषणेत काय शोधायचं

काटो आणि टोमिक्स या दोन मोठ्या ब्रँडच्या घोषणा दर महिन्याला येतात. काटो म्हणजे सेकिसुई किन्झोकू कंपनी. १९६५ मध्ये सी५० हे वाफेचं इंजिन काढून जपानी एन गेजची सुरुवात तिनेच केली. टोमिक्स १९७६ पासून आहे, आता टोमीटेककडे. यांच्याशिवाय मायक्रोएस आणि ग्रीनमॅक्स. चौघांच्या सवयी वेगळ्या आहेत. काटो आपला नेहमीचा माल अधूनमधून पुन्हा काढते, कधी बारीक सुधारणा करून. टोमिक्सही काढते, पण तिच्या ‘मर्यादित’ शिक्क्याचा संच आणि काटोचं ‘विशेष योजना’ उत्पादन त्याच रूपात परत येईल असं धरून चालू नये. मायक्रोएस इतर कुणी हात न लावलेल्या गाड्या करते आणि नेमका तोच संच क्वचितच पुन्हा निघतो. ग्रीनमॅक्सचा भर खासगी रेल्वेवर. तिच्या तयार मॉडेलांतही बरंच काम घेणाऱ्यावर सोडलेलं असतं.

घोषणा हातात आली की पहिला प्रश्न: साचा नवा आहे, सुधारलेला आहे, की जुन्याच साच्यावर नवा रंग? पूर्ण नव्या साच्याच्या गाडीची खेप लवकर उठते, पण तिच्या पुढच्या खेपा येण्याची शक्यताही सगळ्यात जास्त असते, कारण साच्याचा खर्च एका खेपेत निघत नाही. एखाद्याच रेकचा (डब्यांच्या अख्ख्या गाडीचा) खास रंग असेल तर उलट समजा: हीच वेळ. ‘साइसेइसान’ म्हणजे पुन्हा उत्पादन असं लिहिलं असेल तर उत्पादन क्रमांक जुन्याशी ताडून पाहा. क्रमांक तोच असेल तर माल बहुधा तसाच. बदलला असेल तर मोटार, दिवे, कपलर (डबे जोडणारा आकडा) किंवा छपाई यांपैकी काहीतरी बदललंय आणि काय ते खालच्या बारीक मजकुरात सापडतं. घोषणेतला फोटो बऱ्याचदा खऱ्या गाडीचा किंवा नमुना मॉडेलचा असतो. त्यावरून रंगाची छटा ठरवू नका.

दुसरा प्रश्न काळाचा. ‘राष्ट्रीय रेल्वेच्या काळातलं’ म्हणजे ३१ मार्च १९८७ पर्यंतचं रूप, ‘जेआर’ म्हणजे १ एप्रिल १९८७ पासूनचं. त्यापुढेही ‘पदार्पणावेळचं’, ‘नूतनीकरणानंतरचं’, ‘शेवटच्या काळातलं’ असे प्रकार असतात आणि प्रत्येकात छपरावरची एसी यंत्रं, ॲन्टेना, खिडक्या, पट्टे बदलतात. एकटा संच मांडून ठेवायचा असेल तर कुठलाही चालेल. पण दोन संच एकत्र पळवायचे असतील तर काळ जुळलाच पाहिजे.

‘होकुतोसेइ’ ही उएनो ते सप्पोरो धावणारी निळी शयनयान गाडी घ्या. सेइकान बोगदा मार्च १९८८ मध्ये उघडला तेव्हा ती सुरू झाली आणि तिची नियमित सेवा मार्च २०१५ मध्ये संपली. डब्यांच्या संचात इंजिन नसतं, आणि डबे स्वतः मोटारीवर चालत नाहीत. जपानच्या मुख्य बेटावरच्या (होन्शू) टप्प्यासाठी २०१० पर्यंतचा काळ दाखवायचा तर बाजूवर मोठं तारांकित चिन्ह असलेलं लाल ईएफ८१ इंजिन लागतं, त्यानंतरचा दाखवायचा तर निळं ईएफ५१०-५००. बोगद्यातून हाकोदातेपर्यंत ईडी७९. तिथून सप्पोरोपर्यंत दोन निळी डीडी५१ जोडीने. म्हणजे एका गाडीमागे डब्यांखेरीज इंजिनांच्याच तीन वेगळ्या घोषणा नजरेखाली ठेवाव्या लागतात, आणि इंजिनं डब्यांच्याच महिन्यात येतात असंही नाही. डीडी५१ ची जोडी घेताना दोन्ही एकाच कंपनीची आणि शक्यतो एकाच पिढीची घ्या. वेगवेगळ्या मोटारी एकाच व्होल्टेजला वेगळ्या वेगाने फिरतात. मग एक इंजिन ओढतं, दुसरं अडवतं आणि रबरी टायर घासून जातात.

डब्यांची बेरीज

विजेच्या गाड्या मूळ संच आणि जोडसंच अशा तुकड्यांत विकतात. काटोची टोकियोच्या यामानोते मार्गावरची ई२३५ पाहा: मूळ संचात ४ डबे, जोडसंच अ मध्ये ४, ब मध्ये ३. बेरीज ११, म्हणजे खऱ्या गाडीइतकी. एन७००एस शिंकानसेन ४, ४ आणि ८ अशी मिळून १६ डब्यांची होते. मोटार सहसा मूळ संचात असते. डब्यांच्या यादीत त्या डब्यापुढे ‘एम’ लिहिलेला असतो. ‘एम’ नसलेला संच एकटा घेतलात तर तो रुळावर नुसता उभा राहील. ग्रीनमॅक्स तर ‘मोटारीसह’ आणि ‘मोटारीविना’ हे संचाच्या नावातच छापते, तरी घाईत तेच नजरेतून सुटतं.

यादीतला प्रत्येक डबा क्रमांक खऱ्या रेकशी ताडून घ्या. ई२३५ मध्ये १० क्रमांकाचा डबा बहुतेक रेकमध्ये जुन्या ई२३१ मधून घेतलेला आहे, त्यामुळे तो शेजारच्या डब्यांपेक्षा वेगळा दिसतो. कंपनीने चुकीचा डबा भरला असं वाटून तक्रार करण्याआधी हे माहीत असावं.

जागेचंही गणित आत्ताच करा. २० मीटरचा डबा १/१५० मध्ये साधारण १३३ मिमी, म्हणजे अकरा डब्यांना जवळजवळ दीड मीटर. १६ डब्यांची शिंकानसेन खरी ४०४.७ मीटरची; मॉडेलमध्ये अडीच मीटर. एवढा सरळ फलाट नसेल तर ८ डब्यांवर थांबणं शहाणपणाचं. कमीत कमी वळण किती हे घोषणेत किंवा खोक्यावर दिलेलं असतं. काटोच्या युनिट्रॅक रुळांमध्ये आर२४९, आर२८२, आर३१५, आर३४८ अशा त्रिज्या (मिमीमध्ये) मिळतात. लांब डब्यांना छोट्या त्रिज्येवर ढकललं की डब्यांची टोकं एकमेकांवर घासतात आणि हलका डबा आतल्या बाजूला उलटतो.

बुकिंग

घोषणेनंतर पहिल्या एक-दोन दिवसांत बुकिंग केलेलं बरं. दुकानदार कंपनीकडे आपली मागणी ठरावीक तारखेपर्यंत नोंदवतो. त्यानंतर त्याच्या वाट्याला आलेले नगच विकले जातात. अगाऊ बुकिंगवर छापील किमतीत सूट मिळणं जपानमध्ये नेहमीचं आहे, म्हणून पूर्ण किमतीत पहिल्या दुकानात अडकू नका. छापील किंमत कर धरून आहे की नाही हे बघा. जपानचा उपभोग कर ऑक्टोबर २०१९ पासून १० टक्के आहे. २०,००० येन करविरहित किमतीचा संच जपानमधल्या गिऱ्हाइकाला सूट सोडून २२,००० ला पडतो. परदेशी पाठवणारी बरीच दुकानं हा कर लावत नाहीत, पण पाठवणावळ वेगळी असते.

मूळ संच आणि जोडसंच एकाच दुकानात, एकाच वेळी बुक करा. मूळ संच मिळाला आणि जोडसंच संपला तर अर्धी गाडी हातात राहते. शिवाय दोन खेपांच्या रंगात किंचित फरक पडू शकतो आणि शेजारी लावल्यावर तो लपत नाही. वेगवेगळ्या महिन्यांचा माल मात्र एकाच ऑर्डरमध्ये घालू नका, कारण काही दुकानं सगळा माल आल्याशिवाय खोका बाहेर काढत नाहीत. जाहीर केलेला महिना पुढे सरकणं रोजचंच आहे, एकदा नव्हे दोनदाही सरकतो. पैशांचं नियोजन त्या हिशोबाने ठेवा: तीन गाड्या एकाच आठवड्यात येऊन पडल्या तरी निभावलं पाहिजे. बुकिंग रद्द करण्याचे नियम प्रत्येक दुकानाचे वेगळे असतात, ते आधी वाचा.

खरी गाडी निवृत्त होण्याची बातमी आली की मॉडेलची मागणी एकदम उसळते. जेआर तोकाईचा डॉक्टर यलो टी४ (रूळ तपासणारी पिवळी शिंकानसेन, ९२३ मालिकेतली) जानेवारी २०२५ मध्ये थांबला, तेव्हा ९२३ च्या ३ अधिक ४ डब्यांच्या संचांमागे किती लोक होते हे आठवा. अशा गाडीचं पुन्हा उत्पादन जाहीर झालं की विचार करत बसू नका.

मे महिन्यातला शिझुओका हॉबी शो आणि ऑगस्टमध्ये टोकियो बिग साइटला भरणारं आंतरराष्ट्रीय रेल्वे मॉडेल संमेलन, या दोन ठिकाणी पुढच्या मालाचे नमुने दिसतात. महाग संच बुक केला असेल तर तिथले फोटो बघून रंग आणि चेहरा पटतोय का ते पाहता येतं.

सोबत मागवायच्या गोष्टी

आतले दिवे गाडीबरोबरच मागवा, कारण नंतर सगळे डबे पुन्हा उघडणं म्हणजे खिडक्यांवर बोटांचे ठसे आणि तुटलेले खटके. काटोसाठी ११-२११ (एका डब्याचा) किंवा ११-२१२ (सहा डब्यांचा) पांढऱ्या दिव्यांचा संच. टोमिक्ससाठी ०७३३ पांढरा, ०७३४ पिवळसर. एकाचे दिवे दुसऱ्याच्या डब्यात सरळ बसत नाहीत. जुन्या शयनयानात पांढरा प्रकाश अगदी खोटा वाटतो, तिथे पिवळसरच घ्या.

काटोचे सुटे भाग गाडीबरोबरच विक्रीला येतात आणि गाडीच्याही आधी संपतात. टोकियोत निशी-ओचिआइला काटोचं स्वतःचं हॉबी सेंटर आहे. पेंटोग्राफ, पुढच्या टोकाखालची जाळी आणि रबरी टायरची चाकं, एवढे जादा ठेवले तरी पुरतात. कपलरचा प्रकार यादीत बघा: अर्नोल्ड, काटोचा स्वतःचा किंवा टोमिक्सचा टीएन. दोन कंपन्यांचे डबे जोडायचे असतील तर एका बाजूचे कपलर बदलावेच लागतात.

खोका आल्यावर

सदोष माल कळवायची मुदत छोटी असते, बऱ्याच दुकानांत मोजकेच दिवस. म्हणून खोका आला की त्याच दिवशी बसा. टेबलावर मऊ कापड पसरा, प्रकाश तिरका ठेवा म्हणजे रंगातले धूळकण आणि ओघळ दिसतात. डबे मोजा, क्रमांक यादीशी लावा, मग एकेक डबा उलटा करून चाकं बघा. डबा पेंटोग्राफला किंवा पायऱ्यांना धरून उचलू नका. खिडक्यांच्या खालच्या भागाला दोन बोटांनी धरा.

मग सरळ रुळावर मोटारीचा डबा एकटा. व्होल्टेज हळूहळू वाढवा; कमाल १२ व्होल्ट, पण तपासणीला अर्ध्याच्या आत पुरतं. आधी पुढे, मग मागे. गुरगुर एकसारखी असली तर ठीक. टकटक ऐकू आली तर दात्यात काहीतरी अडकलंय. अशी गाडी पळवत राहू नका. ठीक असेल तर रेक पूर्ण जोडून मध्यम वेगाने प्रत्येक दिशेला पंधरा-वीस मिनिटं चालवा म्हणजे ग्रीस सगळीकडे पसरतं.

दिवे लागले नाहीत तर लगेच तक्रार नको. टोकाच्या बऱ्याच डब्यांखाली एक चिमुकला स्विच असतो. दोन रेक जोडल्यावर मधले पुढचे दिवे बंद करण्यासाठी तो दिलेला आहे. तो ‘बंद’ बाजूला असेल तर दिवा जळणारच नाही. टूथपिकने सरकवा, लोखंडी टोकाने नाही. तरीही अंधार असेल तर डबा रुळावर हलकेच पुढे-मागे सरकवा. एखादं चाक रुळाच्या कडेवर चढलेलं असलं तर दिवा मिणमिणतो आणि वळणावर डबा घसरतो. नव्या मालातल्या बऱ्याच तक्रारींचं मूळ इथेच सापडतं. खरा दोष सापडला तर व्हिडिओ घ्या, फोटोत डब्याचा क्रमांक दिसू द्या. आणि हे सगळं होईपर्यंत एकही सुटा भाग चिकटवू नका. भाग लावलेली गाडी दुकान परत घेत नाही.

बारीक भाग

टोमिक्सच्या आणि काटोच्या इंजिनांत क्रमांकाच्या पाट्या निवडायला दिलेल्या असतात. आधी पाटीवर सेलोटेपचा तुकडा चिकटवा, मग निपरने (छोट्या कटरने) चौकटीतून कापा. नाहीतर ४-५ मिमीची ती पाटी उडते आणि सापडत नाही. कापलेल्या कडेला उरलेला बोंड नव्या ब्लेडने छाटा, खाचेत टेकवून बघा, आणि सुकल्यावर पारदर्शक होणारा पाण्याचा गोंद सुईच्या टोकाने अगदी थोडा लावा. झटपट चिकटणारा गोंद वापरला तर त्याच्या वाफेने भोवतीचा रंग पांढरट होतो.

घासून उठवायची अक्षरं, म्हणजे ‘इनरेता’, हे सगळ्यात नाजूक काम. लागणारा क्रमांक वाहक कागदासकट कापून घ्या, मास्किंग टेपने डब्यावर बसवा, बोथट टोकाने एका कडेकडून दुसरीकडे घासा. कागद झटक्यात न उचलता एका टोकाने हळू वर घ्या. अक्षर अजून कागदाला धरून असेल तर परत टेकवून घासा. शेवटी मागचा गुळगुळीत कागद वर ठेवून दाबा. वाकडं बसलं तर ताजं असतानाच टेपने टिपून काढता येतं. हे ताव जुने झाले की चिकटत नाहीत, म्हणून दोन वर्षांनी लावू म्हणून ठेवू नका.

ॲन्टेनासाठी भोकं पाडायची असतील तर सोबतचा साचा छपरावर बसवा आणि सूचनापत्रात दिलेल्याच व्यासाचं टोक हाताच्या ड्रिलने फिरवा. मोटारीचं ड्रिल प्लास्टिक वितळवतं.

टोमीटेकचं ‘तेत्सुदो कलेक्शन’ वेगळ्या हिशोबाचं आहे. २००५ पासून निघणाऱ्या या डब्यांत मोटार नसते. मुळात ते मांडून ठेवण्यासाठी आहेत. चालवायचं तर टीएम मालिकेतलं मोटार युनिट, धातूच्या चाकांचा आणि वजनांचा संच, आणि बऱ्याचदा पेंटोग्राफही वेगळा घ्यावा लागतो. युनिट खऱ्या डब्याच्या लांबीनुसार निवडायचं: १७, १८ की २० मीटर. घोषणेत कुठलं युनिट बसेल ते लिहिलेलं असतं. डबा आणि युनिट एकाच दिवशी मागवा.

हुकलं तर

खेप सुटल्यावर पहिले काही आठवडे काही विक्रेते दुप्पट भाव लावतात. थांबा. बुकिंग रद्द झालेले नग दुकानांत परत दिसतात, आणि काही महिन्यांत पोपोन्देत्तासारख्या दुकानांत वापरलेले संच येऊ लागतात. वापरलेला घेताना वर्णनातले तीन मुद्दे वाचा: सुटे भाग लावलेत का, पाट्या आणि ताव शिल्लक आहेत का, आतले दिवे बसवलेत का. फार जुन्या मॉडेलांत धातूची चौकट फुगून तडकलेली असू शकते. इंजिनाचा खालचा भाग बाहेर आलेला किंवा वाकलेला दिसला तर कितीही स्वस्त असलं तरी सोडा, ते दुरुस्त होत नाही.

पुस्तकासारख्या खोक्यातला फोम वर्षांनुवर्षांनी चिकट होऊन रंगाला लागतो. डबे ठेवताना मध्ये पातळ पॉलिथिनचा पट्टा घाला, खोका उन्हापासून लांब आणि आडवा ठेवा. उरलेल्या पाट्या, ताव आणि सूचनापत्र त्याच खोक्याच्या झाकणात ठेवा, कारण पुढच्या खेपेतल्या जोडसंचाचे क्रमांक त्यांच्याशीच जुळवायचे असतात. दर दोन-तीन महिन्यांनी मोटारीचा डबा दहा मिनिटं दोन्ही दिशांना फिरवला की ग्रीस घट्ट होत नाही.